पावती नको म्हणणारा भाडेकरू

करांच्या टप्प्यांत बदल झाला की त्याचे पडसाद देशातल्या घराघरांत उमटतात, असं अर्थसंकल्पाच्या संध्याकाळी टीव्हीवर बसलेले चारही तज्ज्ञ गंभीरपणे म्हणाले होते. त्यांचं खरं निघालं, फक्त त्याला जवळजवळ वर्ष लागलं. आमच्या घरात पडसाद उमटला तो असा, की जानेवारीत आबा रिह्याला गेले नाहीत.

आबा म्हणजे माझे घरमालक. हिंजवडीच्या कंपन्या संपतात आणि रस्ता रिह्याच्या खोऱ्याकडे निघतो, त्या बाजूला त्यांची तीन मजली इमारत आहे. तिथे पूर्वी भाताची खाचरं होती. मागच्या अंगाला अजूनही आहेत. कॉलेजातल्या ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर पुण्यात परवडेल अशी जागा मिळेना, म्हणून मी त्यांच्या वरच्या मजल्यावर आले. खालच्या मजल्यांवर कंपन्यांतली पोरं राहतात. आबा स्वतः आवारातल्याच जुन्या घरात, पडवीतून सगळ्यांवर नजर ठेवून असतात.

या पोरांकडे कंपनी दर जानेवारीत घरभाड्याच्या पावत्या मागायची. पावती दिली की भाड्यापोटी सवलत मिळायची आणि कर कमी कापला जायचा. मात्र वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं तर घरमालकाचा पॅन नंबर द्यावा लागे, आणि आमच्या पट्ट्यातला घरमालक एक वेळ बांधावरची जमीन देईल पण पॅन नंबर देणार नाही. त्यामुळे खोली केवढीही असो, पावतीवर भाडं महिन्याला आठ हजार तीनशे. वर्षाचं लाखाच्या आत बसायचं. फरशीची, लिफ्टची नवी जागा आणि गोठ्याला टेकून उभी केलेली पत्र्याची खोली कागदावर एकाच भावाची होती. इतकी समता मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिलेली नाही.

आबा मात्र ती पावतीसुद्धा द्यायचे नाहीत. सही केली की आपण सापडलो, असं त्यांचं साधं मत. म्हणून जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की ते मोबाइल घरी ठेवून रिह्याला लेकीकडे जायचे, हरभरा राखायला. पावत्यांची मुदत संपली की परत यायचे. पोरं काही दिवस पडवीत घिरट्या घालायची, आबांच्या कारभारणीला मावशी-मावशी करायची, आणि शेवटी वैतागून स्वतःच पावत्या बनवायची. त्यावर कुणाच्या सह्या असायच्या हे मी कधी विचारलं नाही.

या बाबतीत एकच माणूस आबांना पुरून उरला होता. तळमजल्यावरचा इंजिनीअर. परभणीकडचा, सभ्य, आवाज न चढवणारा, आणि नियमांच्या बाबतीत चिवट. त्याला खोटी सही करणं पटेना. दोन वर्षं तो पावतीसाठी आबांच्या मागे होता, आणि एकदा तर मोटारसायकल काढून थेट रिह्याला पोचला. हरभऱ्याच्या रानात आबा त्याला बघून खाली वाकले, पण हरभरा तो केवढा, त्यात माणूस लपत नाही. सही करावी लागली, पॅन मात्र दिला नाही. तेव्हापासून आबा त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. पोरगं लई पोचलेलं हाय, म्हणायचे.

अर्थसंकल्पाची बातमी आम्ही आबांच्या पडवीतच ऐकली. आबा, मावशी, मी, आणि मागच्या खाचरात खतासाठी मेंढरं बसवलेला एक धनगर. बारा लाखांपर्यंत कर नाही, असं टीव्हीवर झळकलं तेव्हा धनगराने विचारलं, त्यात मेंढरं धरत्यात का. आबांनी त्याला दटावलं, की किती आहेत ते चारचौघांत बोलू नकोस. चारचौघं म्हणजे आम्हीच होतो.

ती सूट मग घरोघरी वेगवेगळी पोचली. सूसला राहणाऱ्या माझ्या भाचीने आणि तिच्या नवऱ्याने कर वाचावा म्हणून कर्ज काढून फ्लॅट घेतला होता. ही सूट फक्त कर भरण्याच्या नव्या पद्धतीत होती; तिच्यात कर कमी, पण राहत्या घराच्या कर्जाचं व्याज धरत नाहीत. दोघांनी तीन रविवार आकडे मांडले आणि नवी पद्धतच बरी, असं ठरवलं. फ्लॅट घेण्याचं कारण गेलं, फ्लॅट राहिला. माझ्या पेन्शनमधून बँक दर महिन्याला कर कापायची, ती एप्रिलपासून कापेनाशी झाली. मी बँकेत जाऊन चौकशी केली. खिडकीपलीकडच्या मुलीने समजावलं, की काकू, आता तुम्हाला टॅक्सच नाही. मी लेखी द्या म्हटलं. तिने माझ्याकडे जरा दयेने बघितलं. घरी येताना मला वाटत राहिलं, की हे लोक नंतर एकदम कापतील.

म्हणून आबांना मी हसणार नाही. पुढच्या जानेवारीत ते पिशवी भरून तयार बसले होते, रिह्याला निरोप गेला होता, आणि पावती मागायला कुणीच आलं नाही. नोकरीतल्या माणसाला पावणेतेरा लाखांपर्यंत कर उरलाच नव्हता. खालची बहुतेक पोरं त्याच्या आतली, आणि नव्या पद्धतीत भाड्याच्या पावतीला काही अर्थ नव्हता. काही जण आधीच्या वर्षीच गळाले होते, उरलेले आता गळाले. आबांनी आठवडाभर वाट बघितली. मग पिशवीतले कपडे काढून खुंटीला लावले आणि एका दुपारी माझा जिना चढून आले. ते वर सहसा येत नाहीत, टाकी बघायला सोडून.

“बाई, पोरं पावती मागंनात.”

मी म्हटलं, बरंच झालं की. ते खुर्चीत टेकले आणि दार लोटून घ्या म्हणाले. दार लोटल्यावर त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. दरसाल कुत्र्यासारखी मागे लागणारी पोरं एकदम गप्प होतात, ती उगाच नाही. आणि सगळ्यांत गप्प तो तळमजल्यावरचा. परवा तर त्याने स्वतःहून पेढे आणून दिले, बायकोला दिवस गेलेत म्हणून. दिवस जाऊन सहा महिने झाले, पेढे आत्ता का?

मी करांचे टप्पे समजावले. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बारा लाख म्हंजी थोडं न्हाई. सरकार फुकट सोडतंय व्हय? बदल्यात कायतरी घेतलं आसंल.”

“काय घेतलं असेल?”

“नावं,” आबा म्हणाले. “मालकांची.”

सरकारने बदल्यात खरोखरच काहीतरी घेतलं होतं. भाड्याची सवलत घेतली, विम्याची घेतली, माझ्या भाचीच्या व्याजाची घेतली. हे मी त्यांना सांगितलं. पण त्यात कुणी कुणाला पकडून देत नव्हतं, त्यामुळे त्यांना ते पटलं नाही.

मग मी दुसरी चूक केली. त्यांना म्हटलं, तुम्ही भाडं दाखवून टाकलंत तरी बिघडत नाही. भाड्यातला तीस टक्के भाग डागडुजीपोटी सोडून देतात, उरलेलं बारा लाखांच्या आत असेल तर कर शून्य. फक्त विवरणपत्र भरायचं. आबांनी आधी आपली बाजू स्पष्ट केली, की ते भाडं नव्हेच, शेतीचं उत्पन्न आहे. खोल्या शेतात उभ्या आहेत. शेतात भात लावला तर भात येतो, खोल्या लावल्या तर भाडं येतं, आणि शेतीला कर नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर त्यांनी मला एक सरळ प्रश्न विचारला.

“कर न्हाई तर मंग इचारत्यात कशाला? पैसं घ्यायचं न्हाईत आन् हिशेब पायजे. आसं कोण करतंय?”

पुढच्या रविवारी त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. मला साक्षीला नेलं. हातात पावती होती, स्वतःच्या अक्षरात लिहिलेली, महिन्याचे खरे चौदा हजार, खाली पॅन नंबर, खाली सही. अशी पावती त्या इमारतीत पूर्वी कधी निघाली नव्हती. इंजिनीअरने दार उघडलं. मागे त्याची बायको कॉटवर पाय वर करून भाजी निवडत होती. तिच्या गर्भाची वार खाली होती, डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ती माहेरी जाणार नव्हती. मार्चमध्ये तिची आईच इकडे येणार होती. तळमजला, शेजारी माणसं, दवाखाना जवळ. त्यांचं सगळं या दोन खोल्यांभोवती जमवलेलं होतं.

आबांनी पावती पुढे धरली. इंजिनीअर मनापासून हसला. अहो आबा, राहू द्या, आता हे लागतच नाही, म्हणाला, आणि चहा घेता का विचारलं.

आबा चहा न घेता बाहेर आले. जिन्याखाली थांबून त्यांनी पावतीची घडी केली.

“बगितलं? हात बी लावला न्हाई कागदाला.”

पावती घेतली असती तर त्यांनी काय ठरवलं असतं, हे मी विचारलं. ते म्हणाले, मग तर पुरावाच झाला असता. या परीक्षेत पास होण्याची सोय नव्हती.

दोन दिवसांनी त्यांनी इंजिनीअरला सांगितलं, की मार्चअखेर अकरा महिन्यांचा करार संपतोय, पुढे करायचा नाही. कारण दिलं पाहुण्यांना जागा हवी असल्याचं. मावशी त्यांना बोल बोल बोलल्या. भरल्या दिवसांची बाई घराबाहेर काढता, लोक काय म्हणतील. आबांना ते कळत नव्हतं असं नाही. पडवीत ते मला हळूच म्हणाले, की लेकरू झाल्यावर तर वर्षभर हलवता येणार नाही, म्हणून आधीच सांगितलं. दुष्टपणा करतानाही त्यांना रीत सांभाळायची होती. मला मात्र वेगळीच शंका येत होती, की नव्या भाडेकरूकडून जास्त भाडं मिळेल हे आबांच्या मनात असावं. ती मी इंजिनीअरला बोलून दाखवली नाही. त्याच्या डोक्याला पुरेसं होतं.

तो जागा शोधायला लागला. संध्याकाळी कंपनीतून सुटला की मारुंजी, माण, नेरे असं फिरायचा. तळमजल्याची खोली रिकामी मिळेना, मिळाली तर लहान मूल नको म्हणायचे. एका ठिकाणी दुकानाचा गाळा दाखवला, शटर लावून राहा म्हणाले. रात्री परत आला की बायको त्याच्या तोंडाकडे बघायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची.

मी त्याला खरी गोष्ट सांगून टाकली, की पाहुणे वगैरे कुणी नाहीत, तुम्ही त्यांचं नाव दिलंत असा संशय आहे. त्याला आधी कळेना. कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला धास्ती वाटली. सुशिक्षित माणसाला गैरसमज दूर करायची संधी दिसली की त्याचा चेहरा असा उजळतो.

तो लॅपटॉप घेऊन पडवीत गेला. मीही गेले. त्याने टप्प्यांचा तक्ता काढला, रंगीत होता, आणि चांगलं समजावलं. आबा मान डोलवत होते. मावशींनी चहा ठेवला. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी तो म्हणाला, “तुमचं भाड्याचं वर्षाचं टोटल किती होतं, तेवढं फक्त सांगा. मी आत्ता टाकून दाखवतो, झीरो येईल बघा.”

आबा माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, “इचारलं.”

चहा झाला नाही.

त्या रात्री जेवण आटोपून मी तळमजल्यावर डोकावले तेव्हा इंजिनीअर भिंतीला टेकून बसला होता. मी नियमाने वागलो, हीच चूक झाली, असं म्हणत होता. त्याची बायको कॉटवर होती. ती एका शाळेत गणित शिकवायची, आता रजेवर. तिने त्याला जरा वेळ बोलू दिलं.

“तुम्ही उद्या त्यांच्याकडं जा आणि पावती मागा,” ती म्हणाली.

“मला नकोय ती.”

“म्हणूनच मागा. रागावून मागा. दरवर्षी मागायचात तसं.”

“अगं, पण आपण न्यू रिजिममध्ये आहोत. खोटं कशाला बोलायचं?”

“पावती मागणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. कशाला हवी ते सांगूच नका.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काकू, तुम्हाला काय वाटतं?”

मला वाटलं ते मी सांगितलं, की आबांना पावती न देण्याची सवय आहे, आणि ती मोडल्यापासून त्यांना चैन नाही.  इंजिनीअरला खोट्या सहीचा जेवढा त्रास व्हायचा तेवढाच याचाही होत असावा. पण शेवटी तो बायकोच्या पोटाकडे बघत होता, नियमांच्या पुस्तकाकडे नव्हे.

सकाळी आबा पडवीत दाढी करत होते. मी नळावर पाणी भरण्याच्या निमित्ताने आवारात होते. इंजिनीअर आला, हेल्मेट हातात, आणि भलत्याच मोठ्या आवाजात म्हणाला, “आबा, काही झालं तरी पावती पाहिजे. मी त्या दिवशी चुकून नको म्हटलं. पॅनसकट पाहिजे. नाहीतर मी परत रिह्याला येईन.”

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं, त्याचं त्याला सुचलं. आबांचा वस्तरा गालावर थांबला. मग त्यांनी अर्धा गाल तसाच ठेवून टॉवेल खांद्यावर टाकला, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा जुना, खणखणीत आवाज निघाला.

“पावती बिवती काय मिळायची न्हाई.”

“आबा, हे बरोबर नाही.”

“न्हाई म्हनलं ना. कुटं जायचं तितं जा. आमी सह्या करत न्हाई.”

दहा मिनिटं चाललं. पोरं खिडक्यांतून बघत होती. इंजिनीअर मागत गेला, आबा नाही म्हणत गेले, आणि प्रत्येक नकाराबरोबर त्यांची मान जरा ताठ होत गेली. मावशी दारात येऊन गेल्या. शेवटी इंजिनीअर पाय आपटत निघाला. त्याला ते नीट जमलं नाही, पण आबा तिकडे बघत नव्हते.

आबा नळाशी आले आणि मला म्हणाले, की पोरगं तसं वाईट नाही. मनात काही ठेवत नाही, तोंडावर मागतं. नाव दिलं असतं तर पावतीसाठी भांडलं कशाला असतं. मी घागर भरून घेतली. त्यांच्या तर्कात खोट काढायची मला इच्छा झाली नाही, आणि खरं सांगायचं तर काढता आलीही नसती.

संध्याकाळी मावशींनी तळमजल्यावर निरोप पाठवला, की पाहुण्यांचं येणं रहित झालंय, पुढचा करार करू. आबांची एकच अट होती. पावती पुन्हा मागायची नाही. इंजिनीअरने ती लगेच मान्य करू नये, असं त्याच्या बायकोने बजावलं होतं. त्याने एक दिवस लावला. दुसऱ्या दिवशी नाराजी दाखवत होकार दिला. आबांनी अट करारात लिहून घ्या म्हटलं, पण करार करून देणाऱ्या एजंटाने असं कलम लिहिता येत नाही म्हणून सांगितलं. त्यावर आबांना एजंटाचाच संशय यायला लागला. ते प्रकरण वेगळं आहे.

मार्चमध्ये परभणीहून तिची आई आली, सोबत डिंकाचे लाडू आणि एक शेगडी घेऊन. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी झाली, वेळेच्या जरा आधी, पण दोघी सुखरूप. दवाखान्यातून त्या आल्या तेव्हा मावशींनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आबा पडवीतून उठून तळमजल्यापर्यंत आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि घरात लक्ष्मी आली म्हणाले. सगळ्यांनाच ते ऐकून बरं वाटलं. भाडं एक एप्रिलपासून दीड हजाराने वाढलं होतं.